राउटरची खंडेनवमी

"तुम्ही हॉस्पिटलात नेमकं काय करत होता?" हा प्रश्न निवृत्त झाल्यावरही माझा पिच्छा सोडत नाही. मी डॉक्टर नव्हते, नर्स नव्हते, कचेरीतली क्लार्कही नव्हते. "नेटवर्क बघत होते," म्हटलं की समोरचा माणूस लगेच खिशातला मोबाईल काढून पुढं करतो. "मग हे जरा बघा की, रेंजच येत नाही." मी तो बंद करते, चालू करते आणि परत देते. बहुतेक वेळा सुधारतो. एवढ्या भांडवलावर नातेवाइकांत माझा भलताच दबदबा आहे.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी एकवीस वर्षं काढली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं वाचून विश्वस्तांना ठसका लागायला नको. लागले होते टायपिंगसाठी. मग संगणक आले, ते एकमेकांना जोडायची वेळ आली, आणि केबल टाकणाऱ्या माणसाची शिडी धरायला कुणी तयार होईना. मी धरली. सहा महिन्यांनी शिडीवर मी होते आणि खाली तो. तरीही पुढची कितीतरी वर्षं बाहेरून येणारा माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहून "नेटवर्कवाले साहेब कुठायत?" असंच विचारायचा. मी "चहाला गेलेत, बसा" म्हणायची आणि त्याचं काम करून द्यायची.

ज्यांना राउटर म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत एक माणूस बसलेला असतो. पन्हाळ्याची गाडी कुठं लागते, वडगावची कुठं, सगळं त्याला ठाऊक. तो स्वतः गाडी चालवत नाही, पण तो उठून गेला तर सगळे प्रवासी पिशव्या घेऊन जागच्या जागी फिरत बसतात. राउटर म्हणजे तो माणूस. मिठाईच्या खोक्याएवढी पेटी, पुढं चार दिवे, मागं केबलींचं जंजाळ. आमच्या हॉस्पिटलची दोन छोटी केंद्रं होती, एक पन्हाळ्याला आणि एक पेठ वडगावला. तिथं काढलेला एक्स-रे या पेटीतून वाट काढत शाहूपुरीतल्या डॉक्टरांसमोर यायचा, आणि दहा मिनिटांत "घाबरू नका, हाड मोडलेलं नाही" असा निरोप परत जायचा. त्या दहा मिनिटांसाठी माझी नोकरी होती.

माझ्या टेबलावरच्या पडद्यावर ठिपके असत. संगणक दर मिनिटाला प्रत्येक यंत्राला हाक मारायचा. ओ आली की ठिपका हिरवा, नाही आली की लाल. सकाळी आल्यावर चहाच्या आधी मी ते ठिपके बघायची. चहा घेऊन यायचे आमचे शिपाई हिंदुराव मामा. अकरा वर्षं कंत्राटावर होते, आणि कायम होण्याची त्यांची फाईल कुठल्या ना कुठल्या टेबलावर कायम पडलेली असायची. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण रंग कळत होते आणि ठिपक्यांच्या जागा पाठ होत्या. कप ठेवता ठेवता ते विचारायचे, "हिरवं हाय न्हवं सगळं?" कधी माझ्या आधीच त्यांच्या लक्षात यायचं. "मॅडम, पन्हाळा रुसलाय बघा."

पन्हाळा एकदा खरंच रुसला होता. तिथल्या गच्चीवर शाहूपुरीकडं तोंड करून एक तबकडी बसवली होती, तिच्यातून सगळा कारभार चालायचा. रविवारी ठिपका लाल झाला तो सोमवारपर्यंत लालच. मी एसटी पकडून वर गेले, तर तबकडीचं तोंड भलतीकडंच. तिथला रखवालदार अगदी शांतपणे म्हणाला, "कुस्ती लागलीती टीव्हीवर. चित्र येईना म्हणून जरा फिरवली."

"मग आलं का चित्र?"

"न्हाय की. तुमची डिशच बाद हाय."

अशा माणसांवर रागवायचं कसं ते मला कधी जमलं नाही. स्वतःवरच रागवायची पाळी आली, ती गोष्ट आता सांगते.

त्याआधी थोडं रुक्ष सांगावं लागेल. राउटरला दोन आठवणी असतात, एक तोंडी आणि एक लेखी. ज्यांनी कचेरीत नोकरी केली आहे त्यांना हे चटकन कळेल. साहेब तोंडी सांगतात, "उद्यापासून असं करा." आपण करतो. साहेबांची बदली झाली की तोंडी हुकूम त्यांच्याबरोबर जातो, उरतं ते फक्त कागदावरचं. राउटरचंही तसंच. नवा हुकूम दिला की तो लगेच पाळतो, पण लिहून ठेवत नाही. "हे लिहून ठेव" असं त्याला वेगळं सांगावं लागतं, त्याची एक छोटीशी आज्ञा आहे. ती दिली नाही आणि वीज गेली, तर राउटर पुन्हा चालू झाल्यावर फक्त लेखी हुकूम वाचतो. तोंडी सांगितलेलं सगळं विसरतो. धोक्याचा बदल करताना आम्ही ही आज्ञा मुद्दामच आधी देत नाही. काही बिघडलं तर पेटी बंद करून चालू करायची, की गाडी पुन्हा जुन्या रुळावर. सगळं नीट चाललंय अशी खात्री पटली की मग लिहून ठेवायचं.

वडगावचं केंद्र जोडलं त्या दिवशी मी असंच केलं. वडगाव माझं माहेर. तिथल्या आमच्या बुद्धविहाराच्या मागच्या घरात मी वाढले, आणि माझ्याच गावाला मी जोडणार म्हणून तीन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. पहिला एक्स-रे कुणाचा काढायचा यावर चर्चा चालली होती, तेवढ्यात माझी आई "माझा गुडगा घ्या की, न्हायतरी दुखालाय" म्हणत खुर्चीतून उठली. आईचा गुडघा वडगावातून निघाला आणि क्षणात शाहूपुरीच्या पडद्यावर आला. टाळ्या झाल्या, पेढे वाटले, मोठ्या विश्वस्तांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. त्या गडबडीत ती छोटीशी आज्ञा द्यायची राहून गेली.

राहिली ती चार वर्षं राहिली. राउटर कधी बंदच पडला नाही. वीज गेली तरी चालू राहावा म्हणून त्याला मी चांगला यूपीएस दिला होता, थंड खोली दिली होती, आणि "चार वर्षांत एक मिनिट बंद नाही" हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या तारखेला न चुकता त्याच्या हुकमांची प्रत, म्हणजे बॅकअप, काढायची. तारखा घातलेल्या पाकिटांत पेन ड्राइव्ह, पाकिटं कपाटात, कपाटाला कुलूप. तपासणीला आलेले लोक ते कपाट बघून माझं कौतुक करायचे. पण प्रत मी लेखी हुकमांची काढत होते. म्हणजे चार वर्षं दर महिन्याला त्याच एका जुन्या कागदाची नवी नक्कल कुलपात ठेवत होते. एकदाही ती पाकिटं उघडून आत काय आहे ते मी वाचलं नाही.

त्या साली दसऱ्याला आईला नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं ठरलं. कितीतरी वर्षं ती म्हणत होती. आम्ही अष्टमीला दुपारी रेल्वेनं कोल्हापूर सोडलं. निघताना थंड खोलीची किल्ली मी हिंदुराव मामांकडं दिली. "एसी चालू आहे का तेवढं बघा, काही वाटलं तर फोन करा," एवढंच सांगितलं.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्या हॉस्पिटलात सगळ्या यंत्रांची पूजा असायची. कात्र्या, चिमटे, स्टेथोस्कोप ताटात मांडायचे, एक्स-रे मशीनला कुंकू लागायचं, अँब्युलन्सला झेंडूची माळ. ज्याचं काम नाही ते यंत्र त्या दिवशी बंद ठेवून त्याला विश्रांती द्यायची, ही पद्धत. थंड खोलीत मात्र मी कुणाला शिरू देत नव्हते. "कुंकू दाराला लावा," म्हणायची.

भुसावळ मागं पडलं आणि माझा फोन वाजला. एक्स-रे विभागातले सावंत बोलत होते. "मॅडम, वडगाव लाल झालंय. पन्हाळा हिरवा आहे. मामांनी राउटर बंद करून पुसला, पूजा केली आणि परत चालू केला म्हणतात."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "काळजी करू नका. कपाटातलं शेवटचं पाकीट काढा." पाकीट काढलं, प्रत राउटरवर चढवली, दहा मिनिटं गेली. वडगाव लालच. मी म्हटलं, "त्या प्रतीत काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा." सावंत वाचू लागले. शाहूपुरी आलं. पन्हाळा आलं. मग ते थांबले.

"वडगाव?"

"वडगाव नाहीच यात, मॅडम."

"त्याच्या आधीचं पाकीट बघा."

त्यातही नव्हतं. त्याच्याही आधीच्यात नव्हतं. ती आज्ञा, ते पेढे, त्या टाळ्या, सगळं एकदम आठवलं.

मग पुढचे तीन तास मी पाठ होतं ते सगळं सावंतांना सांगत होते. रेंज आली की आकडे, गेली की गप्प. "एकशे बाहत्तर, टिंब, सोळा, टिंब..." समोरच्या बाकावरच्या पांढऱ्या लुगड्यातल्या आजीबाई बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी आईला त्यांनी हळूच विचारलं, "पोरगी मटका खेळते का वं?" तिकडं वडगावातले एक्स-रे पेन ड्राइव्हमध्ये घालून झेंडूची माळ घातलेली अँब्युलन्स शाहूपुरीला दोन चकरा मारून गेली. कुणाचं काही वाईट झालं नाही, हे माझं नशीब. अकोला सोडल्यावर सावंत ओरडले, "हिरवा!" मी म्हटलं, "थांबा. अजून एक आज्ञा द्यायची आहे." ती त्यांच्याकडून दोनदा टाईप करून घेतली.

फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, "काय झालंतं गं?" मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग चूक कुणाची?"

"माझी."

गाडीत, आईसमोर, हा शब्द किती सहज निघाला. कोल्हापूरला परतल्यावर तोच शब्द कागदावर उतरेना.

परतले तेव्हा मामांना नोटीस मिळालेली होती, यंत्रणेत विनापरवाना हस्तक्षेप केल्याची. त्यांची कायम होण्याची फाईल अखेर विश्वस्तांच्या बैठकीपर्यंत पोचली होती, ती आता बाजूला काढून ठेवली होती. त्यांच्या साठीला तीन वर्षं उरली होती. या वेळी हुकलं तर पुन्हा फाईल वर येणं कठीण होतं. प्रशासक साहेबांनी माझ्याकडं अहवाल मागितला. मी एक वाक्य टाईप केलं: 'वीजपुरवठा खंडित केल्यामुळे वडगाव केंद्राचा संपर्क तुटला.' वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी ते वाचताना मला माझीच लाज वाटत होती.

त्या दिवशी मामा चहा घेऊन आले ते टेबलापाशी उभेच राहिले. ठिपक्यांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"मॅडम, माझ्या हातनं पाप झालं. समद्या मशिनी इसावा घेत्यात, ह्यो एकटाच चार वरीस झोपला न्हाय. म्हटलं, आजच्या दिवस पाच मिंटं तरी घिऊ दे. तुमीच म्हणता की, बंद करून चालू केलं की बरं चालतंय." मग म्हणाले, "आनि तुमच्यात असलं कुंकूबिंकू चालत न्हाय, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय. तुमी तिकडं बाबासाहेबांच्याकडं गेलासा, आनि मी हितं तुमच्या मशिनीला..."

मी रागावले आहे असं समजून त्यांनी त्याचं कारणही असं शोधलं होतं. खरं म्हणजे माझा कुणावर राग नव्हता. मी नुसती घाबरले होते. "तसं काही नाही मामा," एवढंच मी म्हणू शकले. मामा रिकामा ट्रे घेऊन गेले.

दोन दिवस मी तो अहवाल खणात ठेवला. स्वतःची बाजू सांगायची तर एवढंच सांगते, की त्या मजल्यावर मी एकटी बाई होते आणि आमच्या समाजातली एकटी. माझी चूक नुसती माझी राहत नाही, हे मला फार लहानपणापासून ठाऊक होतं. 'बघा, म्हणून म्हणत होतो,' असं म्हणायला टपलेले चेहरे मला दिसत होते. पण मामांना तर माझ्यासारखा कायम नोकरीचाही आडोसा नव्हता. या दोन दिवसांची खंत मला अजून आहे, आणि ती राहणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. गुडघ्याचं सांगून झालं आणि मग ती म्हणाली, "त्या मामाचं काय झालं?"

मी खण ओढून उघडला.

"सांगितलंस न्हवं साहेबाला? गाडीत मला म्हणालीस ते?"

"सांगते, आई."

"आज सांग," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी खणातून अहवाल काढला. पहिल्या वाक्याखाली दुसरं लिहिलं: 'चार वर्षांपूर्वी वडगाव जोडताना केलेले बदल मी राउटरमध्ये कायमचे नोंदवले नव्हते व दरमहा काढलेली प्रत एकदाही तपासली नव्हती. वीज कोणत्याही कारणाने गेली असती तरी हेच घडले असते. जबाबदारी माझी आहे.' सही केली आणि वर गेले.

प्रशासक साहेबांनी दोनदा वाचलं. "कांबळे मॅडम, हे कशाला लिहिताय? हे आम्हाला कुठं कळतंय? आहे ते पुरे आहे."

"तुम्हाला कळत नाही म्हणूनच लिहिलंय, साहेब," मी म्हटलं. "मामांनी सणाच्या दिवशी दिवसाढवळ्या बंद केला, मी फोनवर सापडले. पावसाळ्यात यूपीएस जळला असता आणि मी सापडले नसते तर? हे त्यांच्यामुळं कळलं. त्यांना नोटीस द्यायची तर मला आधी द्या."

दिली. माझ्या फाईलीत ते एक पान आहे, आणि एकवीस वर्षांच्या कागदांत तेवढंच मला पुन्हा वाचावंसं वाटतं. मामांची नोटीस मागं घेतली गेली. त्यांची फाईल पुढच्या बैठकीत गेली आणि या वेळी कुठल्याच टेबलावर अडली नाही. कायम झाल्याचा कागद घेऊन मामा आधी माझ्याकडं आले. "वाचा की मॅडम, काय लिवलंय," म्हणाले. कागद मराठीतच होता. तरी मी मोठ्यानं वाचला.

त्याच दिवशी मी त्यांना तोंडी हुकूम आणि लेखी हुकूम समजावून सांगितला. अकरा वर्षं रोज चहा देणाऱ्या माणसाला आपण काय सांभाळतो ते सांगायला मला एवढा वेळ लागला. मामांना ते एका दमात कळलं. "म्हंजे आमच्या कायम व्हायागतच की," म्हणाले. "तोंडी सगळी म्हणत्यात. कागदावर यायला पायजे."

पुढच्या खंडेनवमीला मी हॉस्पिटलात नवा नियम केला. दर खंडेनवमीला, दोन्ही केंद्रांना आधी कळवून, राउटर बंद करायचा. चुकून नाही, ठरवून. आधी लेखी प्रत काढायची आणि ती उघडून वाचायची. मग पाच मिनिटं विश्रांती, मग चालू, आणि सगळे ठिपके आपोआप हिरवे होतात का ते बघायचं. बटण दाबायचा मान मामांचा. बटणावर बोट ठेवून ते माझ्याकडं वळून बघायचे आणि विचारायचे, "लिवून घेतलंय न्हवं?" मी हो म्हटल्याशिवाय बोट हलायचं नाही. कुंकू पेटीवर लावायचं की दारावर, हा वाद आम्ही त्यांच्यावर सोडला. ते पेटीच्या खालच्या फळीवर लावतात. पेटीत काही जाऊ नये याची काळजी त्यांना माझ्यापेक्षा जास्त.

मी निवृत्त झाले. मामांचं शेवटचं वर्ष चालू होतं. आईला आता लांबचा प्रवास झेपत नाही, म्हणून गेल्या खंडेनवमीला मी तिच्यासोबत वडगावातच होते. तिचं ब्लडप्रेशर बघायला केंद्रावर गेलो होतो. रांग बरीच होती. अकराच्या सुमाराला खिडकीतल्या मुलीनं हात वर केला. "पाच मिनिटं थांबा, नेट बंद आहे. शाहूपुरीत राउटरची पूजा चाललीय."

रांगेतला एक फेटेवाला पावणा वैतागला. "आता इंटरनेटलाबी सणाची सुट्टी व्हय?"

"घिऊ द्या की वं इसावा," आई बसल्या जागेवरून म्हणाली. "वरीसभर राबतोय त्यो."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसले. नवा माणूस माझ्या खुर्चीत आला होता. त्यानं प्रत काढली असेल का, उघडून वाचली असेल का, की मी नाही म्हणून कुणी विचारलंच नसेल? एक मिनिट गेलं. दोन गेली. आपल्या हातात काही नसताना वाट बघणं मला कधीच जमलेलं नाही. सातव्या मिनिटाला मोबाईल वाजला. हिंदुराव मामा.

"मॅडम, चालू केलाय. नव्या सायबानं प्रत काढलीती, पर वाचली नव्हती. मी म्हटलं, वाचल्याबिगर माझं बोट हलनार न्हाय. सगळी वाचून घेतली. हितं समदं हिरवं दिसतंय. तुमी तिकडं हायसा म्हणून इचारतो, वडगाव आलं का?"

मी उत्तर द्यायच्या आत खिडकीतल्या मुलीनं पडद्यावर बघून आईचं नाव पुकारलं.